गोणी किती किलोची?
संगणकातील एककांची घाऊक दुरुस्ती आणि तिच्यातील दोषांचे निदान

आपल्या खेड्यांतील वयोवृद्ध मंडळी आजही ‘पायली’, ‘अधोली’, ‘चिपटे’ ही नावे सहज उच्चारतात. चार शेरांची एक पायली, हे कोष्टक सर्वांच्या तोंडी होते. परंतु एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी बरोबर भरेलच असा भरवसा नसे. शेतकऱ्याने धान्य मोजावे घरच्या मापाने आणि व्यापाऱ्याने ते घ्यावे पेठेच्या मापाने, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला व त्यात नुकसान बहुधा शेतकऱ्याचेच झाले. हा गोंधळ संपविण्यासाठी १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणांविषयीचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने व्यवहारात येऊ लागली आणि १९६२ साली ती देशभर सक्तीची झाली.

किलो अशा रीतीने सर्वत्र एक झाला. गोणी मात्र एक झाली नाही. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे; २०१८ सालापासून ती ४५ किलोची झाली. डीएपीची गोणी ५० किलोचीच राहिली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने गंधकाचे आवरण असलेल्या युरियास मान्यता दिली, त्याची गोणी ४० किलोची आहे. थप्पीला या तिन्ही गोण्या शेजारी शेजारी लागतात. हमाल तिघींनाही ‘गोणी’च म्हणतो, शेतकरीही गोणीच मागतो. मनुष्याला एवढ्याने भागते, कारण तो गोणीवरील अक्षरे वाचतो. संगणकाला मात्र एवढ्याने भागत नाही. त्याला कोणती गोणी किती किलोची हे एकदा नीट सांगावे लागते, आणि सांगताना चूक झाली तर ती चूक तो तक्रार न करता वर्षभर गिरवीत बसतो.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे की, आपल्या विविध कार्यकारी सहकारी संस्थांचा जमाखर्च आता संगणकावर येत आहे. जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली व तिच्यासाठी रु. २,५१६ कोटींची तरतूद केली. खरेदी, साठा, विक्री, कर्जवाटप व हिशेब ही सर्व कामे एकाच सूत्रात बांधणाऱ्या संगणक-प्रणालीस ईआरपी असे म्हणतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांतूनही अशा प्रणाली वापरात आहेत. त्यायोगे कामाचा वेळ वाचतो व हिशेब तत्काळ मिळतो, यात शंका नाही. परंतु या सर्व इमारतीचा पाया म्हणजे एककांची नोंद होय. तो पाया एका बाजूने खचला तर काय होते, याचा एक अनुभव गेल्या खरिपाच्या तोंडावर मला आला.

एका संस्थेतील अनुभव

आमच्या तालुक्यातील एका संस्थेच्या प्रणालीत तीनशेहून अधिक वस्तूंची नोंद होती. निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या माणसांनी ती केल्यामुळे कोठे ‘गोणी’, कोठे ‘बॅग’, तर कोठे ‘पोते’ असे लिहिले गेले होते. ही नावे एकसारखी करावीत, म्हणून सर्व वस्तूंची यादी एक्सेलच्या तक्त्यात उतरविण्यात आली, तीत दुरुस्त्या करण्यात आल्या आणि तो तक्ता एकदम प्रणालीत भरण्यात आला. यालाच घाऊक दुरुस्ती म्हणतात. एकेक वस्तू उघडून दुरुस्त करण्यास जेथे आठवडा लागला असता, तेथे हे काम पाच मिनिटांत झाले.

त्याच आठवड्यात खताचा माल उतरला. बीजकाप्रमाणे युरिया १८ टन, गंधक-युरिया ८ टन व डीएपी १० टन. गटसचिवांनी आवक टनांत नोंदविली आणि संगणकाने तिच्या गोण्या केल्या. एकूण गोण्या ८००. गोदामपालानेही ८०० गोण्या मोजून घेतल्या होत्या. युरिया व गंधक-युरिया या दोहोंची गोणीमागील किंमत एकच, म्हणजे रु. २६६.५० असल्यामुळे रकमेची बेरीजही जुळली. सर्वांचे समाधान झाले.

विक्री सुरू करण्यापूर्वी साठ्याची पडताळणी झाली, तेव्हा मात्र निराळेच चित्र दिसले. संगणकात युरियाच्या ३६० गोण्या होत्या, गोदामात ४०० निघाल्या. संगणकात गंधक-युरियाच्या २४० गोण्या होत्या, गोदामात २०० च निघाल्या. डीएपीच्या २०० गोण्या तेवढ्या दोन्हीकडे जुळल्या. एका खताच्या ४० गोण्या अधिक आणि दुसऱ्याच्या ४० गोण्या कमी! एवढे निमित्त गावाला पुरे झाले. गोदामपालाने मालाची अदलाबदल केली, युरिया टंचाईच्या काळात विकण्यासाठी बाजूला काढून ठेवला, अशी कुजबूज संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचली. संचालक मंडळाची तातडीची बैठक बोलावण्यात आली.

हे गृहस्थ या गोदामात आयुष्यभर राबलेले. मी पडताळणीसाठी गेलो, तेव्हा त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला व एवढेच म्हणाले, “साहेब, गोण्या मोजा. मला नंतर मोजा.”

आम्ही गोण्या पुन्हा मोजल्या. त्यांची मोजणी बिनचूक होती. मग चूक कोठे होती?

लक्षणावरून निदान

पिकावर रोग दिसला की आपण औषधाच्या बाटलीकडे धावत नाही. पान उलटून पाहतो, डाग कोणत्या आकाराचा आहे हे पाहतो. येथेही तेच करावयाचे होते. मी बीजकावरील वजनास संगणकातील गोण्यांनी भागले. १८,००० किलो भागिले ३६०, म्हणजे ५० किलो. मला वाटले, निदान झाले. युरियाची जुनी ५० किलोची नोंद प्रणालीत राहून गेली असावी. उपस्थितांपैकी सर्वांना ते पटले आणि संगणकावर काम करणाऱ्या मुलीने दुरुस्तीसाठी तो रकानाही उघडला.

परंतु हेच गणित गंधक-युरियास लावले, तेव्हा ८,००० भागिले २४० म्हणजे ३३.३३ किलो असे उत्तर आले. एवढ्या वजनाची गोणी या खताची कधी निघालीच नाही. तेव्हा जुनी नोंद राहिली हे कारण येथे लागू पडत नव्हते. एकच रोग दोन झाडांवर दिसत असेल, तर कारण दोन्ही झाडांना लागू पडले पाहिजे. माझे पहिले निदान चुकले होते.

इतक्यात ती मुलगी म्हणाली, “सर, मी आता ०.०२२२ भरले, पण जतन केल्यावर ते ०.०२ दिसते आहे.”

तेथेच उलगडा झाला. प्रणालीत पूर्वी ‘१ गोणी = ४५ किलो’ अशी नोंद होती. घाऊक दुरुस्तीसाठी मिळालेल्या नमुना तक्त्यात मात्र रकाना उलट दिशेचा होता; ‘१ किलो = किती गोण्या’ असे तेथे विचारले होते. त्याप्रमाणे युरियासाठी १ भागिले ४५, म्हणजे ०.०२२२ भरले गेले. गंधक-युरियासाठी १ भागिले ४०, म्हणजे ०.०२५, आणि डीएपीसाठी १ भागिले ५०, म्हणजे ०.०२. तिन्ही आकडे बरोबर होते. परंतु प्रणालीत त्या रकान्यास दोनच दशांश स्थळे ठेवलेली होती. म्हणून ०.०२२२ चे ०.०२ झाले व युरियाची गोणी ५० किलोची ठरली. ०.०२५ चे पुढील आकड्यात ०.०३ झाले व गंधक-युरियाची गोणी ३३.३३ किलोची ठरली. डीएपीचा आकडा मुळातच दोन स्थळांत संपणारा असल्यामुळे तेवढे एक खत सहीसलामत सुटले.

एकाच्या ४० गोण्या घटल्या, दुसऱ्याच्या तेवढ्याच वाढल्या व बेरीज योगायोगाने ८०० च राहिली. चूक बेरजेच्या आड लपली होती. मनुष्य मात्र उघडा पडला होता.

दुसऱ्या दिवशी संचालक मंडळापुढे हे गणित फळ्यावर मांडून दाखविण्यात आले. रूपांतराची दिशा पूर्ववत ‘१ गोणी = ४५ किलो’ अशी करण्यात आली. जुनी नोंद पुसून न टाकता कारणासह स्वतंत्र दुरुस्ती-नोंद घालण्यात आली व तिचा ठराव इतिवृत्तात आला. त्या ठरावात गोदामपालाची मोजणी बरोबर असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहावे, असा आग्रह गटसचिवांनी धरला, तो योग्यच होता.

दोष कोठे कोठे संभवतात?

वरील दोषाखेरीज घाऊक दुरुस्तीत आणखी काही दोष वारंवार आढळतात. ते ओळखता यावेत म्हणून येथे क्रमाने देत आहे.

पहिला दोष, नाव बदलणे व आकडा तसाच ठेवणे. एखाद्या कीटकनाशकाचा साठा २५० मिलिलिटर असा असताना एककाचे नाव ‘लिटर’ केले, आणि आकडा न बदलल्यास पाव लिटरचे २५० लिटर होतात. नाव बदलावयाचे आहे की रूपांतर करावयाचे आहे, हे आधी ठरवावे. ‘बॅग’चे ‘गोणी’ करणे हे केवळ नामांतर होय. ‘मिलिलिटर’चे ‘लिटर’ करणे हे रूपांतर होय.

दुसरा दोष, सर्व गोण्यांस एकच गुणक लावणे. ‘१ गोणी = ४५ किलो’ असे सर्व वस्तूंसाठी एकदाच ठरविले, तर डीएपीच्या २०० गोण्या १०,००० ऐवजी ९,००० किलो दाखविल्या जातील. किलो व टन यांचे नाते सर्वत्र सारखे असते, ते एकदाच लिहावे. गोणी, खोके, पिशवी यांचे वजन वस्तूगणिक बदलते. म्हणून त्यांचा गुणक प्रत्येक वस्तूच्या नावासमोर स्वतंत्र लिहावा.

तिसरा दोष, लेखनातील भेद. ‘किलो’, ‘कि.ग्रॅ.’, ‘केजी’ ही आपणांस एक वाटतात. संगणकास ती तीन निराळी एकके वाटतात. शब्दानंतर चुकून एक मोकळी जागा राहिली तरी तो त्यास नवे नाव समजू शकतो. काही प्रणाली देवनागरी अंकांत लिहिलेला ‘४५’ हा आकडा न मानता अक्षरे मानतात. असा आकडा बेरजेत धरला जात नाही.

चौथा दोष, रिकामे रकाने. काही प्रणालींत रिकामा रकाना म्हणजे ‘जुने तसेच ठेवा’. काहींत त्याचा अर्थ ‘जुने पुसून टाका’ असा होतो. आपल्या प्रणालीत कोणता अर्थ आहे, हे एका वस्तूवर पडताळून पाहिल्यावाचून तीनशे ओळी पाठवू नयेत.

पाचवा दोष, मूळ एककास हात घालणे. ज्या वस्तूचे खरेदी-विक्रीचे व्यवहार झालेले आहेत, तिचे मूळ एकक बदलण्यास अनेक प्रणाली नकार देतात. तो नकार हा बिघाड नसून संरक्षण आहे, कारण मूळ एकक बदलले तर मागील सर्व नोंदींचा अर्थ बदलेल. अशा वेळी नवी वस्तू नव्या क्रमांकाने नोंदवावी, शिल्लक साठा तिच्या नावे वर्ग करावा व जुनी वस्तू बंद करावी.

सहावा दोष क्षेत्राच्या नोंदीत आढळतो आणि तो शेतकऱ्यास सर्वांत अधिक जवळचा आहे. एक एकर वीस गुंठे हे क्षेत्र आपण सवयीने ‘१.२०’ असे लिहितो. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे ते प्रत्यक्षात दीड एकर असते. संगणक मात्र ते १.२ एकर, म्हणजे एक एकर आठ गुंठे असे वाचतो व बारा गुंठे जमीन हिशेबातून गळते. सातबारावर हेक्टर-आर असल्यामुळे तेथे ही चूक होत नाही. शंभर आरांचा एक हेक्टर असल्याने १.२० हे तेथे दशांशानेही बरोबर असते. म्हणून क्षेत्र हेक्टर-आरमध्येच भरावे. ‘१-२०’ असे मध्ये रेघ देऊन तर कधीच लिहू नये. तक्त्याची प्रणाली त्याची तारीख करून टाकते.

दुरुस्तीची योग्य पद्धत

घाऊक दुरुस्ती ही फवारणीसारखी आहे. योग्य प्रमाणात व योग्य वेळी केली तर एका दिवसात रान स्वच्छ होते, आणि अंदाजाने केली तर पीकच जळते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. हंगामाच्या गर्दीत ही दुरुस्ती करू नये. विक्री थांबवून, दिवसाचे व्यवहार पूर्ण झाल्यावर ती करावी.

२. आरंभी संपूर्ण माहितीची प्रत, म्हणजेच बॅकअप, काढून वेगळी ठेवावी. वस्तूनिहाय साठ्याची छापील यादीही काढावी.

३. तक्त्याचे मथळे मोठ्याने वाचावेत. ‘१ गोणी = किती किलो’ की ‘१ किलो = किती गोण्या’, हे दोघांनी मिळून निश्चित करावे. शक्य असेल तेथे लहान एकक हेच मूळ एकक धरावे, म्हणजे गुणक ४५, ५०, ४० असे पूर्णांकात येतात व दशांशाची काटछाट संभवत नाही.

४. सर्व वस्तू पाठविण्यापूर्वी तीन वस्तूंवर प्रयोग करावा. एक ५० किलोची, एक ४५ किलोची आणि एक मिलिलिटरमधील घ्यावी. केवळ ५० किलोच्या गोणीवर प्रयोग केला असता, तर वर सांगितलेला दोष कधीच सापडला नसता.

५. तक्ता भरल्यावर किती ओळी पाठविल्या, किती स्वीकारल्या व किती नाकारल्या, हे पाहावे. नाकारलेल्या ओळींची यादी वाचल्याशिवाय संगणक बंद करू नये. अर्धवट स्वीकारलेला तक्ता हा पूर्ण नाकारलेल्या तक्त्यापेक्षा अधिक घातक असतो.

६. जतन झालेला आकडा पुन्हा उघडून पाहावा. आपण काय भरले याला महत्त्व नाही, प्रणालीने काय ठेवून घेतले याला आहे.

७. पडताळणी एकूण बेरजेने न करता वस्तूवार करावी. प्रत्येक खताचे संगणकातील वजन भागिले गोण्या, हे उत्तर गोणीवर छापलेल्या निव्वळ वजनाशी जुळले पाहिजे. संगणकाकडूनच गोण्यांचे किलो व किलोंच्या पुन्हा गोण्या करवून घेणे ही पडताळणी नव्हे. चुकीच्या गुणकाने जाऊन त्याच गुणकाने परतले तर आकडा जुळतोच.

८. शेवटी थप्पी, पॉस यंत्रातील शिल्लक व संगणकातील शिल्लक या तिन्ही आकड्यांचा मेळ घालून गटसचिव व गोदामपाल या दोघांच्या सह्या घ्याव्यात.

शेतापर्यंत पोहोचणारी चूक

एककातील चूक कार्यालयातच राहते असे कोणी समजू नये. युरियात ४६ टक्के नत्र असते. हेक्टरी १०० किलो नत्र युरियातून द्यावयाचे तर सुमारे २१७ किलो युरिया लागतो. गोणी ५० किलोची धरली तर चार गोण्यांतून ९२ किलो नत्र मिळेल असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात ४५ किलोच्या चार गोण्यांतून ८२.८ किलोच मिळते. नऊ किलोंहून अधिक नत्र पिकास मिळतच नाही, आणि दोष मात्र बियाण्यास किंवा पावसास दिला जातो. म्हणून सल्ला देताना कार्यकर्त्यांनी ‘चार गोण्या टाका’ असे न सांगता किलो सांगावेत व मग गोण्या मोजून द्याव्यात.

अशा चुका केवळ आपल्याच खेड्यांत होतात असेही नाही. जुलै १९८३ मध्ये कॅनडात एका प्रवासी विमानाचे इंधन भर आकाशात संपले. त्या देशात तेव्हा पौंडाकडून किलोग्रॅमकडे संक्रमण चालले होते. लिटरचे किलोग्रॅम करण्याचा सुमारे ०.८ हा गुणक वापरण्याऐवजी पौंडाचा १.७७ हा गुणक वापरला गेला व टाकीत निम्म्याहूनही कमी इंधन पडले. वैमानिकांनी ते विमान गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर घरंगळत उतरविले, म्हणून प्राणहानी टळली. तेथेही एकक चुकले होते.

शेतकरी बंधूंनी आपल्या संस्थेत खत घेताना पावतीवरील गोण्या व किलो हे दोन्ही आकडे पाहावेत व गोणीवरील छापील वजनाशी ताडून घ्यावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील संस्थेत जाऊन खरिपापूर्वी एकदा तरी वर दिलेला भागाकार करून पाहावा. त्यास अर्धा तास पुरतो. साठ्यात तफावत आढळली, तर प्रथम एकक तपासावे, नंतर गुणक तपासावा, नंतर गोण्या मोजाव्यात. आणि हे सर्व झाल्यावरच एखाद्या माणसाकडे बोट दाखविण्याचा विचार करावा.